आग, खाण आणि दोन हजार रुपये

पदवीच्या इंग्रजी वाङ्मयाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं. कादंबरी कुठलीही असो, नायिका कुठलीही असो, 'नियतीने तिचा बळी घेतला' हे ठरलेलं. वाक्य गाइडातलं असतं. त्यामुळे मुलांना दोष द्यायचा तर गाइड लिहिणाऱ्यांना आणि गाइडावर विसंबून वर्ष काढणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही त्यातला वाटा घ्यावा लागेल. परळ, लालबाग, दादरकडच्या मुलामुलींना एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या शिकवणं हे माझं काम. या कामात एक सवय जडली. उत्तरात नियती आली की तिच्याखाली रेघ मारायची आणि समासात लिहायचं, 'कोणता कायदा?' त्याचे मार्क कापत नाही, पण प्रश्न थट्टेने विचारलेला नसतो. व्हिक्टोरियन कादंबरीत दैव जिथे धावून येतं किंवा घात करतं ती जागा नीट न्याहाळली, तर बहुतेक वेळा तिथे त्या काळचा कायदा संपलेला दिसतो, आणि त्यातही लग्नाचा कायदा. लेखकाला पात्राला न्याय द्यायचा असतो, वाचकालाही तो हवा असतो, पण वकील आणि न्यायाधीश हात वर करून बसलेले असतात. मग कुठे आग लागते, कुठे खाणीचं तोंड उघडं राहतं. त्याला आपण नशीब म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

शार्लट ब्रॉन्टीच्या 'जेन एअर'पासून सुरुवात करते, कारण मुलांना ती आवडते आणि तिच्यात हा प्रकार अगदी उघड आहे. १८४७ची कादंबरी. जेन आणि रॉचेस्टर चर्चमध्ये लग्नाला उभे राहतात आणि ऐन वेळी एक वकील उठून हरकत घेतो की या माणसाची बायको हयात आहे. ती बर्था, जमेकाहून आणलेली, वेडी ठरवून वरच्या मजल्यावर कोंडलेली. आता रॉचेस्टरने करावं काय? त्या काळी इंग्लंडात पूर्ण घटस्फोट हवा तर त्यासाठी पार्लमेंटात स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. घटस्फोटाचं कोर्ट आलं १८५७च्या कायद्याने, आणि जोडीदाराचं वेड हे कारण चालायला लागलं थेट १९३७ साली. म्हणजे या दोघांना कायद्याने एकत्र येण्यासाठी नव्वद वर्षं थांबावं लागलं असतं. ब्रॉन्टी तेवढं थांबवत नाही. ती वाड्याला आग लावते, आगही बर्थाच्याच हातून लावते, तिला गच्चीवरून उडी मारायला लावते, रॉचेस्टरचा एक हात आणि दृष्टी घेते आणि पुढे एका डोळ्याची दृष्टी परत करते. शिक्षा झाली, प्रायश्चित्त झालं, वाट मोकळी झाली. वर्गात हा हिशेब मांडला की कोणी ना कोणी विचारतंच, बर्थाचा गुन्हा कोणता? जीन ऱ्हिसने १९६६ साली या एका प्रश्नावर अख्खी कादंबरी लिहिली, 'वाइड सारगॅसो सी'. परळच्या बाकांवर तो प्रश्न कोणी न शिकवता येतो. जेनला मिळालेल्या न्यायाचं बिल बर्थाच्या नावावर फाडलेलं आहे, आणि ते लपवायचं काम आग करते.

डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'मध्ये हेच घोडं गरिबाच्या दारात अडतं. कादंबरी १८५४ची. त्याच साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली, एवढा योगायोग इथे सांगण्याजोगा. स्टीफन ब्लॅकपूल हा यंत्रमागावरचा कामगार. बायको दारूच्या आहारी गेलेली, अधूनमधून येऊन घरातलं विकून जाणारी. रेचेलवर त्याचा जीव, तिचाही त्याच्यावर. तो सरळ मालकाकडे, बाउंडरबीकडे, जाऊन विचारतो की यातून सुटायचा मार्ग कोणता. बाउंडरबी जेवता जेवता खर्चाचा आकडा सांगतो. एक हजार पौंड, कदाचित दीड हजार. ज्याची आठवड्याची मजुरी शिलिंगांत मोजायची त्याला. अख्ख्या कादंबरीत मला सर्वांत भेदक वाटतं ते हे पान, कारण इथे दैवबिव काही नाही, दरपत्रक आहे. पुढे मात्र डिकन्सचा धीर सुटतो. स्टीफन युनियनमध्ये जायला नकार देतो म्हणून सोबती वाळीत टाकतात, मालक काढून टाकतो, चोरीचा आळ येतो, आणि नाव साफ करायला परत येताना तो एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीत पडून मरतो. लालबागच्या घरांतून आलेली मुलं इथे अस्वस्थ होतात. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांचा संप कधी रीतसर मागेच घेतला गेला नाही, हे ती घरात ऐकत वाढलेली असतात. त्यामुळे युनियन न मानणारा, मालकाशीही न पटणारा, एकटा सज्जन कामगार त्यांना खोटा वाटतो. खोटा नसला तरी सोयीचा नक्कीच वाटतो. त्यांचं म्हणणं असं की डिकन्सला संपही नको होता आणि बाउंडरबीही नको होता, म्हणून त्याने स्टीफनला खाणीत ढकललं. टीकाकारांनी हे अनेक परींनी लिहिलेलं आहे, पण इतकं रोखठोक थोड्यांनी.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणत्यांकडून, आणि तो वजनदार आहे. ही माणसं श्रद्धाळू होती, परमेश्वरी योजनेवर त्यांचा खरोखरचा विश्वास होता, त्यांच्या कादंबरीतल्या आगीला आणि पुराला तुम्ही कायद्याचं दुखणं कसं म्हणता? विश्वास होता हे कबूल. पण विश्वास असलेला लेखकही दैवाला कुठेही उतरवत नाही. वारसाहक्काचा तंटा असेल तर ही कादंबरी मृत्युपत्र शोधते, साक्षीदार आणते, कागद पुढे करते. चोरी असेल तर चोर पकडते. कायद्यात वाट आहे तिथे ती कायद्याच्याच वाटेने जाते. दैव राखून ठेवलेलं असतं ते नको झालेल्या बायकोसाठी, नको झालेल्या नवऱ्यासाठी, लग्नाबाहेर आई झालेल्या मुलीसाठी. ही निवड श्रद्धेने उलगडत नाही. दुसरी बाजू बाजाराची. हार्डीची 'टेस' १८९१ साली 'द ग्राफिक' या साप्ताहिकातून क्रमशः आली तेव्हा नायिकेवरच्या अत्याचाराचा भाग गाळावा लागला आणि त्या जागी खोट्या लग्नाची बतावणी घालावी लागली. एवढंच कशाला, पावसाने तुंबलेल्या रस्त्यावरून टेसचा होणारा नवरा एंजल चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, तेही सोवळ्यात बसेना. म्हणून साप्ताहिकाच्या वाचकांसाठी त्या पोरी हातगाडीवर बसून गेल्या. ज्या समाजात तरुणाने मुलीला उचलणं छापता येत नाही, तिथे तिला न्याय काय द्यायचा हे लेखकाने एकट्याने ठरवलं असेल, हे मला पटत नाही.

'टेस'मध्ये माझ्या प्रश्नाची खरी परीक्षा होते, कारण इथे कायदा संपलेला नाही, तो पुरता हजर आहे. पोलीस येतात, खटला होतो, फाशी होते. लग्नाच्या रात्री एंजल स्वतःचं पूर्वीचं प्रकरण सांगतो आणि टेस क्षमा करते. मग ती स्वतःचं सांगते आणि तो घर सोडतो. मुलांना हा एंजलचा दुटप्पीपणा वाटतो, आणि तो आहेच. पण त्याने तो घरी बसून शोधला नव्हता. १८५७चा कायदाच सांगत होता की बायकोचा व्यभिचार एवढं कारण नवऱ्याला पुरे, बायकोला मात्र त्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असलं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागेल. हा भेद १९२३पर्यंत टिकला. म्हणजे एंजल जे वागला ते कलमाला धरून. हार्डीला हे कळत होतं, म्हणून शेवटी त्याने न्याय हा शब्द अवतरणचिन्हांत टाकला आणि खेळ देवांनी संपवला असं म्हणून टाकलं. अवतरणचिन्हं मला मान्य. देवांना मध्ये घेणं ही मात्र त्याची पळवाट, असं मी वर्गात म्हणते आणि त्यावर दर वर्षी वाद होतो.

हे सगळं इंग्लंडातलं, आपल्याला त्याचं काय, असं कोणी म्हणालं तर त्याला गिरगावात न्यावं लागतं. रखमाबाई १८६४ची, कादंबरीकार हरि नारायण आपट्यांच्याच सालची. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईचं लग्न दादाजी भिकाजीशी लावलं, पण ती माहेरीच राहिली, शिकत राहिली, आणि मोठी झाल्यावर तिने नांदायला जायला नकार दिला. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५मध्ये तो फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की बायकोला बळाने नांदायला लावण्याचा हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्रजी कायद्यातून इथे आणलेला आहे. पुढच्या वर्षी सर चार्ल्स सार्जंट आणि बेली यांच्यापुढच्या अपिलात तो निकाल फिरला, आणि ४ मार्च १८८७ला न्या. फॅरन यांनी सांगितलं की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असं रखमाबाईने कळवलं. मेख आहे ती तारखांत. ज्या १८८४ साली दावा लागला त्याच साली इंग्लंडने असल्या हुकुमासाठी तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती. लंडनमध्ये जो कायदा जुना म्हणून मोडीत निघाला तो मुंबईत गिरगावच्या मुलीवर चालवला जात होता, आणि आपल्याकडचे कडवे धर्माभिमानी त्याला सनातन धर्म समजून त्याच्या बाजूने उभे होते. 'केसरी'ने रखमाबाईवर धरलेला रोख सर्वांना ठाऊक आहे. कुठल्याही कादंबरीकाराने हे रचलं असतं तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवलं असतं.

खटल्याचा शेवट काय झाला असं विचारलं तर शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात की व्हिक्टोरिया राणीने हस्तक्षेप करून ते लग्न रद्द केलं. लेखांत, भाषणांत, शाळेच्या निबंधांत हेच चालू असतं. प्रत्यक्षात जुलै १८८८मध्ये तडजोड झाली. दादाजीला दोन हजार रुपये मिळाले आणि त्याने हुकुमाची अंमलबजावणी मागायची नाही असं ठरलं. लग्न मोडलं नाही, कायदा तसाच राहिला, कोर्टाने चूक मान्य केली नाही. राणी कुठून आली? ती कादंबरीतून आली, असं माझं मत आहे. रखमाबाई हरली, पैसे मोजून सुटली, हे आपल्याला सोसत नाही. म्हणून लोकांनी गोष्टीला शोभेल असा शेवट जोडला, ज्यात सिंहासनावरून न्याय उतरतो. ब्रॉन्टीने आग लावली, आपण राणी आणली. इतिहास घडून गेल्यावरही लोक त्याला व्हिक्टोरियन शेवट जोडून घेतात, यापेक्षा त्या शेवटांच्या ताकदीचा आणखी पुरावा नको.

आणि आपट्यांनी नेमका हा शेवट नाकारला, म्हणून मला ते मोठे वाटतात. 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. टेस लंडनमध्ये छापली जात होती तेव्हा या कादंबरीतली यमू पुण्यात छापली जात होती. आपटे रेनॉल्ड्सच्या वळणावर 'मधली स्थिती' लिहून या धंद्यात उतरले होते. खलनायकाला कसं गाठायचं, हरवलेला वारस कसा परत आणायचा, ऐन वेळी दार कसं उघडायचं, ही सगळी कारागिरी त्यांच्या हातात होती. यमू लिहायला-वाचायला शिकते, रघुनाथरावांबरोबर मुंबईतलं बिऱ्हाड थाटते, मोकळा श्वास घेते आणि विधवा होते. मग शंकरमामंजींच्या कारवाईने तिचं केशवपन होतं, तेही फसवून, बळाने. इथे आपट्यांनी कारागिरी वापरली नाही. आग लागली नाही, कुठला उदार वकील उठला नाही. यमू मरते, पण तिचं मरण कोणाची वाट मोकळी करत नाही. त्यातून कोणाचं लग्न जमत नाही, कोणाला धडा मिळत नाही. बर्थाच्या मरणाशी ताडून पाहावं म्हणजे फरक लक्षात येतो.

यावर मुली तावातावाने म्हणतात की आपट्यांना तिला वाचवता आलं असतं, आणि त्यांच्याकडे पुरावा असतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ला गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, यमू छापून येऊ लागण्याआधीच. तिथली गोदूबाई १८९३ साली, बरोबर ११ मार्चलाच, धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली. तेव्हा वाट नव्हती असं नाही, यमूला शारदा सदनात पाठवायला काय हरकत होती? उत्तर असं की त्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली, पण लग्न केल्यावर पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा हक्क काढून घेतला. आणि कर्व्यांना मुरुडला जो बहिष्कार सोसावा लागला तो त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. गोदूबाई अपवाद होती. अपवादाची कादंबरी लिहिली की वाचक तिला नियम समजून निश्चिंत होतो. दर अंकाची वाट पाहणाऱ्या वाड्यातल्या कर्त्या पुरुषाला आपट्यांनी ती निश्चिंती दिली नाही. अर्थात, डोळे पुसून निश्चिंत होणारेही असतात. दुःखान्तानेही सुटका होते, हे मी नाकारत नाही. पण रडून सुटलेल्या वाचकाला निदान सगळं मार्गी लागलं असं तरी वाटत नाही. एक खटकणारी गोष्ट मात्र उरते. यमूची कहाणी तिच्याच तोंडची म्हणून मराठीत आली, पण ती लिहिली पुरुषाने. रखमाबाईने १८८५ साली स्वतःच्या हाताने बालविवाहावर लिहिलं, पण 'टाइम्स ऑफ इंडिया'त, इंग्रजीत आणि एक हिंदू स्त्री एवढ्याच सहीने. 'करमणूक' वाचणाऱ्या किती बायकांच्या हाती ती पत्रं पडली असतील?

सहकाऱ्यांचा आक्षेप वेगळा. तुम्ही कादंबरीचं लॉ रिपोर्ट करून टाकता, ते म्हणतात. यातलं काही मला मान्य करावं लागतं. जॉर्ज एलियटच्या 'द मिल ऑन द फ्लॉस'मध्ये भावाला मिठी मारून बुडणारी मॅगी कुठल्या कलमाने बुडाली, ते मला सांगता येत नाही. टेस कडाक्याच्या थंडीत फ्लिंटकोम-ॲशच्या शेतात, गुरांनी वरचं खाऊन उरलेले सलगम टोकदार हत्याराने जमिनीतून उकरत असते, भिजते, आणि शेजारच्या मॅरियनबरोबर उन्हाळ्यातल्या गोठ्याच्या आठवणी काढते. त्या पानांचं मोठेपण कुठल्याही कायद्याने उलगडत नाही. पण माझा दावा पानापानाबद्दल नाही, शेवटाबद्दल आहे. पात्र कसं जगलं हे लेखकाच्या प्रतिभेवर. त्याचं काय करायचं यावर मात्र कोर्टाचा, चर्चचा, साप्ताहिकाच्या संपादकाचा हात असतो. आणि हे सगळं जुनं झालं असं समजणाऱ्यांनी हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ उघडावं. नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची तरतूद तिथे आजही आहे, तुरुंगाच्या जागी मालमत्तेची जप्ती आली एवढंच. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं, सुप्रीम कोर्टाने मात्र १९८४मध्ये ते कलम कायम ठेवलं. कायदा झाला मे १९५५मध्ये. त्याच वर्षी सप्टेंबरात डॉ. रखमाबाई वारल्या.

खलनायकांचं काय, हा विषय मी सहसा शेवटच्या तासाला ठेवते. अत्याचार करणाऱ्या ॲलेकला टेस सुरीने मारते, रॉचेस्टर लुळा होतो, बाउंडरबी रस्त्यात झटका येऊन मरतो. दादाजीला दोन हजार मिळाले, आणि बहुपत्नीकत्वाची मुभा असलेल्या काळात तो मोकळाच होता. १८८७ साली त्यानेही स्वतःची बाजू छापून काढली. त्यात अन्याय झालेला माणूस तो आहे, आणि इस्टेटीच्या लोभाने त्याची बायको अडवून धरणारे खलनायक तिच्या माहेरचे आहेत. रखमाबाईने त्याला उत्तर दिलं. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचल्या की मुलांचा खलनायक विरघळायला लागतो आणि ते त्यांना अजिबात आवडत नाही. त्याहून आवडत नाही ती पुढची हकीकत. १८९४ साली लंडनहून डॉक्टर होऊन आलेली, सुरतेत बायकांच्या दवाखान्याचं काम पाहणारी ही बाई, १९०४ साली दादाजी वारल्यावर विधवेचं पांढरं वस्त्र नेसू लागली असं तिच्या चरित्रात नोंदलेलं आहे. वर्गात यावर फाळणी होते. हरली, असं काही म्हणतात. काही म्हणतात की सोवळ्या घरांतल्या बायका बाळंतपणासाठी तिच्याकडे याव्यात म्हणून तिने तो वेष पत्करला. मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. ज्या समाजाने ते लग्न तिच्यावर लादलं, त्याच समाजातल्या बायकांचं दार तिला रोज ठोठावायचं होतं. पण माझा समासातला प्रश्न इथे चालत नाही, कारण पांढरं नेसायला तिला कुठल्या कोर्टाने सांगितलेलं नव्हतं, आणि तिची गोष्ट कोणी लिहीतही नव्हतं.